भाजीचा गादीवाफा आणि कुटुंबाचे आरोग्य
(चेन्नईतील मराठीभाषक नागरिकांसाठी)

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या आहारात दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या असाव्यात. बटाट्यासारखी कंदमुळे यात धरलेली नाहीत. परसातील भाजीचा वाफा ही गरज भागविण्यास हातभार लावतो. मात्र ज्या मातीतून पोषण मिळते, तिच्यातूनच रोगही घरात येऊ शकतो. म्हणून पुढील दक्षता घ्यावी.

१. हंगाम ओळखावा
महाराष्ट्रात मृगापूर्वी मशागत उरकण्याचा प्रघात आहे. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. त्यामुळे येथे सप्टेंबरअखेर वाफे तयार असावेत.

२. वाफ्याची रचना
• माती २० ते २५ सेंमी खोल खणून ढेकळे फोडावीत; काचा व खिळे वेचून काढावेत.
• पावसाळ्यासाठी १ मीटर रुंद व १५ ते २० सेंमी उंच गादीवाफा करावा. वाफ्यांमधील पायवाटेवरूनच काम करावे. वाफ्यावर पाय न पडल्यास माती दबत नाही व मुळांना हवा मिळते.
• अण्णानगर, पश्चिम मांबलम येथील चिकणमातीत निचऱ्यासाठी, तर तिरुवान्मियूरच्या रेताड जमिनीत ओल टिकविण्यासाठी भरपूर कुजलेले खत मिसळावे.
• उन्हाळ्यात सपाट वाफे करून पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे.

३. मातीतून होणारे रोग
• अंकुशकृमी : मानवी विष्ठेने दूषित झालेल्या ओलसर मातीतील अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात. हे कृमी आतड्यातून रक्त शोषतात. त्यामुळे बालके व गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय जडतो. वाफ्यात काम करताना बंद पादत्राणे घालावीत. मैलापाणी वाफ्यास कधीही देऊ नये.
• लेप्टोस्पायरोसिस : उंदीर व गुरांच्या मूत्राने दूषित पाणी जखमेतून बाधा करते. साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नये.
• धनुर्वात : मातीत काम करताना जखम झाल्यास ती साबणाने धुऊन लसीबाबत त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा.
• डेंग्यू : सऱ्यांत व कुंड्यांखालील ताटल्यांत पाणी साचू देऊ नये. पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत.

४. खत व काढणी
ताजे शेण वापरू नये. पूर्ण कुजलेले खत काळसर, भुसभुशीत व दुर्गंधीरहित असते. पुराचे पाणी लागलेली पालेभाजी खाऊ नये. माठ, शेवगा, हादगा आदी पाला पिण्यायोग्य वाहत्या पाण्यात धुऊन शिजवावा. जेवणात लिंबू घ्यावे. त्याने लोहाचे शोषण वाढते. जेवणानंतर लगेच चहा टाळावा.

५. वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा?
पुराच्या पाण्याशी संपर्क आल्यानंतर महिनाभरात ताप, तीव्र अंगदुखी किंवा कावीळ दिसल्यास, तसेच फिकटपणा व सततचा थकवा जाणवल्यास, नजीकच्या आरोग्य केंद्रात जावे. मातीतील कामाची व पाण्याशी आलेल्या संपर्काची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. निदानास तिचे साहाय्य होते.