शनिवारी गेलेला माल

‘एवढे पैसे अडकले होते, तरी माल देत का राहिलास?’ हे मला इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर एकदा लिहूनच टाकतो. माल थांबवला असता तर मागचं येणं त्याच दिवशी बुडालं असतं आणि व्हेंडर कोडही गेला असता. भोसरीत ज्याचं वर्कशॉप आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. घरी बसून शहाणपण सांगणाऱ्यांना सांगावं लागतं.

आमची दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी. चाकणच्या एका मोठ्या कंपनीला आम्ही सात वर्षं बुश आणि पिना देत होतो, कच्चा माल, म्हणजे बारसुद्धा, आमचाच. पेमेंट साठ दिवसांचं नव्वदवर गेलं, नव्वदचं एकशेवीसवर. दर वेळी कारण वेगळं: सिस्टिम बदलतेय, ऑडिट चालू आहे, सही करणारे साहेब बाहेरगावी आहेत.

10 जून 2022, शुक्रवार. रात्री नऊला पर्चेस मॅनेजरचा फोन आला. “साहेब, बुश संपलेत, सोमवारी लाइन थांबेल. काहीही करा पण उद्या माल द्या. तुमचं पेमेंट मी स्वतः बघतो.” दोन्ही सीएनसी रात्रभर चालवली. पोरांना ओव्हरटाइम दिला, पहाटे चहा-वडापाव मी स्वतः आणला. शनिवारी दुपारी 3 लाख 10 हजारांचा माल गेटच्या आत गेला.

पुढच्या शुक्रवारी ड्रायव्हरचा फोन आला. “दादा, माल उतरवून घेत नाहीत. केबिनच्या काचेवर कसला तरी कागद लावलाय.” त्याला म्हटलं, फोटो पाठव. तो कागद म्हणजे लेनदारांसाठीची जाहीर सूचना होती. फोटो मोठा करून एकेक ओळ वाचत गेलो आणि एका तारखेवर थांबलो. नादारीची प्रक्रिया सुरू झाल्याची तारीख, 13 जून. सोमवार. आमचा माल गेला 11 तारखेला.

या दोन दिवसांचा अर्थ मला सीएने सांगितला, तेव्हा मी खुर्चीतून उठू शकलो नाही. 13 तारखेनंतर कंपनीच्या मागणीवरून दिलेला माल प्रक्रियेच्या खर्चात धरला जातो आणि त्याचे पैसे सगळ्यांच्या आधी मिळतात. आधी दिलेला माल म्हणजे जुनं येणं, रांगेच्या शेवटी. बँकेचा नादारीचा अर्ज एनसीएलटीच्या, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, मुंबई खंडपीठापुढे वर्षभर चालला होता, सुनावणी संपून निकाल राखून ठेवलेला होता. कंपनीत वरपासून खालपर्यंत हे माहीत होतं. फोन करणाऱ्याला माहीत होतं. मला माहीत नव्हतं, कारण मी मशिनवर उभा होतो. चूक कोणाची, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

आमचं एकूण येणं 38 लाख 40 हजार. त्यातला जीएसटीच 5 लाख 85 हजारांचा, आणि तो आम्ही महिन्याच्या महिन्याला भरून मोकळे झालो होतो. गिऱ्हाईक बुडालं म्हणून सरकार तो परत देत नाही. दावा केला, तर 32 लाख 15 हजारच मान्य झाले, कारण काही चलनांवर स्टोअरचा शिक्का होता पण माल स्वीकारल्याच्या नोंदीचा, म्हणजे जीआरएन नंबर नव्हता. लेनदारांच्या समितीत बँका बसतात, आमच्यासारख्यांना मत नाही. दोन वर्षांनी देणी फेडायची योजना मंजूर झाली, शंभराला चार रुपये. 1 लाख 28 हजार 600 खात्यावर आले. त्या शनिवारच्या ओव्हरटाइमचे पैसे मी पोरांना त्याच आठवड्यात दिले होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

आता ज्यांचा माल अजून आत जातोय त्यांच्यासाठी. गिऱ्हाइकाचं नाव महिन्यातून एकदा एनसीएलटीच्या साइटवर टाकून बघा. पक्षकाराच्या नावाने केस शोधता येते, पैसे लागत नाहीत. मी हे एकदा केलं असतं तर शुक्रवारच्या फोनला वेगळं उत्तर दिलं असतं. प्रक्रिया सुरू झाल्यावर माल मागितला तर कंपनीचा कारभार हाती घेतलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलची लेखी ऑर्डर हातात असल्याशिवाय एक नगही देऊ नका.

उद्यम नोंदणी करून ठेवा. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलेलं असलं तरी 45 दिवसांपलीकडे पैसे थांबवता येत नाहीत, आणि थांबवले तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. आमच्या पर्चेस ऑर्डरवर नव्वद दिवस छापलेले होते आणि मी सही केली होती. थकलेल्या पैशांसाठीच्या समाधान पोर्टलवर तक्रार करायला घाबरलो. नादारीची प्रक्रिया सुरू झाली त्या दिवसापासून तो रस्ताही बंद झाला, कारण कंपनीविरुद्धची सगळी वसुली थांबते. 45 दिवसांच्या आत पैसे दिले नाहीत तर खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते, हा आयकराचा नियम 2024-25 च्या कर निर्धारण वर्षापासून आलाय. चांगला आहे, पण त्याला नफ्यातली कंपनी घाबरते. बुडणारीला आयकराचं काय भय!

जमेल तेव्हा पुढच्या तारखेचे चेक घ्या. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की प्रक्रिया सुरू झाल्यावर चेक न वटल्याची केस कंपनीविरुद्ध थांबते, पण जबाबदार संचालकांविरुद्ध चालू राहते. दर 31 मार्चला बाकी मान्य असल्याचं पत्र शिक्क्यासकट घ्या. क्रेट, गेज आत जात असतील तर चलनावर ‘परत येणारे’ असं लिहा. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू कंपनीच्या मालमत्तेत धरत नाहीत. माझे चाळीस निळे क्रेट गेले, कारण चलनावर त्यांचा उल्लेखच नव्हता. एकाच गिऱ्हाइकावर धंदा ठेवू नये, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. माझा साठ टक्के तिथेच होता.

आणि सूचना दिसली की रडत बसू नका. दाव्यासाठी साधारण 14 दिवस असतात. आपल्यासाठी फॉर्म बी. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. बिलं, चलनं, जीआरएन, लेजर, बँकेचं स्टेटमेंट एवढं लावून ईमेलने पाठवता येतो. एका वकिलाने मला त्याचेच चाळीस हजार सांगितले होते. मी भरलेल्या फॉर्मची प्रत वर्कशॉपच्या कपाटात आहे. भोसरीत कुणाला लागली तर येऊन झेरॉक्स काढून न्या. गुरुवारी सुट्टी असते, तेवढा एक दिवस सोडून.