नदी-कालव्यांतील होड्या व वन्यजीवांचे रक्षण

सातारा व सांगली या जिल्ह्यांत पूल झाल्यापासून होडीचे महत्त्व कमी झाले, तथापि होडी नाहीशी झालेली नाही. पैलतीरावरील रानात जाण्यासाठी, मासेमारीसाठी, उपसा पंपाच्या फूटव्हॉल्व्हला अडकलेला पालापाचोळा काढण्यासाठी आणि महापुरात माणसे हलविण्यासाठी कृष्णाकाठी ती आजही लागते. होडी म्हणजे लाकडी नावच, असेही नव्हे. गुऱ्हाळातील काहील या भागात पुष्कळदा नावेचे काम करीत आली आहे. या सर्व वाहनांचा पाण्यातील व काठावरील वन्यजीवांशी रोजचा संबंध येतो. तो कसा येतो, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

वल्हे लागून एखादे जनावर जखमी होणे ही क्वचित घडणारी गोष्ट होय. खरी हानी निराळ्या मार्गाने होते. होडी काठाशी येऊन थांबली की अंड्यांवर बसलेली किंवा त्यांची राखण करणारी मादी उठून जाते, आणि ती दूर असेपर्यंत अंडी उघडी पडतात. मधल्या धारेने सरळ निघून जाणारी होडी बहुतेक प्राणी सहन करतात. काठाशी रेंगाळणारी होडी ते सहन करीत नाहीत. म्हणून होडी कोठे चालवावी यापेक्षा ती कोठे व केव्हा थांबवावी, या प्रश्नास अधिक महत्त्व आहे.

मगरीचे उदाहरण पाहावे. काही लोक तिला सुसरही म्हणतात. परंतु लांब, निमुळत्या तोंडाची खरी सुसर कृष्णेत नाही, येथे आढळते ती मगरच. कराड येथे कोयना कृष्णेस मिळते. तेथून खाली धरणांतून सोडलेले पाणी व ठिकठिकाणचे बंधारे यांमुळे उन्हाळ्यातही डोह भरलेले राहतात. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या परिसरात मगरी वेळोवेळी दिसतात. मगरीने माणूस धरल्याच्या दुःखद घटनाही या नदीवर घडल्या आहेत. त्यामुळे काठावरच्या लोकांना वाटणारे भय अकारण आहे, असे कोणी म्हणू नये. मगरीचे वर्तन जाणून घेतल्यास माणूस व मगर या दोघांचाही धोका पुष्कळ कमी होतो.

मगरीची मादी साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, म्हणजे माघापासून चैत्रापर्यंत, पाण्याच्या पातळीहून उंच अशा वाळूच्या किंवा भुसभुशीत मातीच्या उतारावर खड्डा करून अंडी घालते. एका घरट्यात बहुधा पंचवीस-तीस अंडी असतात. त्यांवर माती लोटल्यावर वरून फारसे काही दिसत नाही. सरपटल्याचा माग व पंजांचे ठसे एवढीच खूण राहते. सुमारे दोन महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडावर पिले बाहेर पडतात. या संपूर्ण काळात मादी जवळच्या पाण्यात राहून राखण करते. तिला वारंवार हुसकले की घोरपड, कोल्हा, मुंगूस व गावातील मोकाट कुत्री यांचे फावते. कुतूहलाने अंडे उचलून पाहणे तर सर्वांत वाईट. मगरीच्या अंड्यातील गर्भ कवचाच्या वरच्या अंगास चिकटलेला असतो. अंडे उलटे झाले म्हणजे तो बहुधा मरतो. अंडे पुन्हा होते तेथे ठेवल्याने काही साधत नाही.

यास्तव माघ महिन्यातच कार्यकर्त्यांनी मच्छीमार, नावाडी व पंपधारक शेतकरी यांना चावडीवर एकत्र बोलवावे आणि कोणत्या उतारावर मगर ऊन खात पडते, माग कोठे दिसतात, हे विचारून घ्यावे. ही माहिती या मंडळींइतकी दुसऱ्या कोणासही नसते. त्यानंतर होडी लावण्याची एक जागा ठरवावी व तेथे बांबू रोवावा. बांबू उतरण्याच्या जागेवरच असावा, घरट्याजवळ नव्हे. घरट्याजवळ खूण केली की बघ्यांची रीघ लागते, हा अनुभव नवा नाही.

काठावर आ वासून पडलेली मगर चिडलेली असते, असा समज आहे. वस्तुतः अंग फार तापू नये म्हणून ती तोंड उघडे ठेवते. अशा वेळी होडी मधल्या धारेस ठेवून, हातपाय आत घेऊन, आवाज न करता पुढे जावे. दगड मारून तिला पाण्यात पळवू नये. कारण दिसणारी मगर टाळता येते, बुडालेली टाळता येत नाही. मासळी साफ करून निघालेली घाण होडीतून काठाशी टाकणे व मेलेली जनावरे नदीत लोटणे या दोन सवयी मगरीला घाटाची वाट शिकवितात. मृत जनावर पुरावे. जाळ्यात मगरीचे पिलू आल्यास ते ओरडते व त्या ओरडण्याने आई धावून येते. मच्छीमाराने जाळे होडीत ओढून पिलू मोकळे करीत बसू नये. जाळे पाण्यातच राहू देऊन ते उथळ जागी कापावे व बाजूस व्हावे. जाळ्याचे मोल जिवाहून अधिक नाही. मगर ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत असून तिला मारणे, पकडणे वा तिची अंडी घेणे हा गुन्हा आहे, हेही सर्वांस सांगावे.

वाळूच्या बेटांवर नदी सुरय व टिटवी हे पक्षी उन्हाळ्यात उघड्यावरच अंडी घालतात. अंडी वाळूच्या व गोट्यांच्या रंगाची असल्याने पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. भर उन्हात हे पक्षी पोटाची पिसे भिजवून आणतात व अंडी थंड ठेवतात. होडीतून उतरलेली मंडळी बेटावर जेवणास बसली की पक्षी डोक्यावर घिरट्या घालीत राहतात आणि तेवढ्या वेळात वाळू तापून अंड्यांतील जीव जातो. पक्षी ओरडत अंगावर येऊ लागले म्हणजे आपण घरट्याजवळ आहोत, असे समजून आल्या पावली परतावे.

शिवसागर जलाशयावर बामणोली व तापोळा येथून यांत्रिक होड्या चालतात. जलाशयाच्या काठचे रान १९८५ मध्ये घोषित झालेल्या कोयना अभयारण्याचे असून २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते. वासोट्यास जाण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते. काठालगत यंत्राचा वेग कमी करावा. लाटेने माती ढासळते. खटाव तालुक्यातील मायणी व येरळवाडी येथील तलावांवर रोहित पक्षी येतात तेव्हा उथळ पाण्यात होडी घालूच नये.

कालव्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. खोडशी बंधाऱ्यावरून निघणाऱ्या जुन्या कृष्णा कालव्यात काय, किंवा टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांच्या कालव्यांत काय, होडीचे काम क्वचितच पडते, व जलसंपदा विभागाच्या परवानगीवाचून ती घालूही नये. पाण्यातील वनस्पती काढण्यासाठी तराफा घालावा लागल्यास मातीच्या उभ्या काठातील बिळांकडे लक्ष असावे. खंड्या व वेडा राघू त्यांत घरटी करतात. बांबूचा रेटा तेथे देऊ नये. काँक्रीटच्या अस्तराचे कालवे मात्र कोल्हा, खोकड, ससा यांना जीवघेणे ठरतात. गुळगुळीत उतारावरून आत पडलेले जनावर वर चढू शकत नाही व पोहून दमते. काठावरून खडबडीत फळी किंवा दोरीला बांधलेली पोती सोडावीत आणि माणसांनी दूर उभे राहावे. कालव्यात स्वतः उतरू नये.

महापुरात या साऱ्याचा क्रम उलटतो. २०१९ व २०२१ च्या पुरांप्रमाणे पाणी शिवारात शिरते तेव्हा साप झाडांवर व उंचवट्यांवर आश्रय घेतात आणि मगरीही वस्तीकडे येतात. बचावाची होडी झाडाच्या फांद्यांखालून नेऊ नये. क्षमतेहून अधिक माणसे घेऊ नयेत. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळ येथे होडी उलटून झालेली जीवितहानी या भागात कोणी विसरलेले नाही. पाणी ओसरल्यावर उसाच्या फडात मगर आढळल्यास तिला घेरू नये. नदीकडील बाजू मोकळी ठेवावी, जनावरे व मुले दूर न्यावीत आणि वन विभागास १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.