डबीतला कापूर आणि हिरवी बिजागरी

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या एखाद्या जुन्या घरात माळ्यावरची ट्रंक उघडली, की पितळी पानदान, लाकडी फणेरपेटी आणि कुंकवाचा करंडा यांच्याबरोबर कधी कधी एक पिवळसर, गुळगुळीत डबीही निघते. पणजीबाई तिच्यात डूल, चमकी, चांदीची जोडवी असे बारीकसारीक दागिने ठेवत. ‘हस्तिदंती आहे हो ती,’ असे घरची मंडळी कौतुकाने सांगतात.

मित्रांनो, ती हातात घेऊन पाहा. हस्तिदंत जड असतो आणि हाताला गार लागतो. ही डबी हलकी आहे. तिच्यावरच्या रेषाही पट्टीने आखल्यासारख्या सरळ व समान अंतरावर आहेत. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. आता झाकणावर अंगठा जोराने घासा आणि लगेच वास घ्या. देवघराची आठवण झाली ना? तो कापराचाच वास आहे. तुमची डबी सेल्युलॉइडची, म्हणजे जगातल्या अगदी पहिल्या प्लास्टिकांपैकी एकाची आहे.

गंमत अशी, की या डबीचे मूळ हत्तीत नसून कापसात आहे! आपल्या मराठवाड्याच्या शेतात पिकणारा कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याच्यावर नायट्रिक व सल्फ्युरिक या आम्लांच्या मिश्रणाची क्रिया केली, की सेल्युलोजच्या लांबलचक रेणूंना नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे गट चिकटतात. असे गट पुष्कळ चिकटले तर तोफेत वापरण्याजोगा स्फोटक कापूस तयार होतो. थोडे कमी चिकटले तर जो पदार्थ मिळतो त्याला आकार देता येतो. पण तो नुसता फार ठिसूळ असतो. त्यात कापूर मिसळला, की कापराचे छोटे रेणू लांब साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. इंग्लंडच्या अलेक्झांडर पार्क्सने असे प्लास्टिक १८६२ साली लंडनच्या प्रदर्शनात मांडले. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट व त्याचा भाऊ यांनी १८७० साली कापराच्या कृतीचे पेटंट मिळवले. सेल्युलॉइड गरम केले की मऊ होते आणि साच्यात दाबले की हवा तो आकार घेते. मग काय, फण्या, बाहुल्या, कंगवे, डब्या यांचा पूरच आला.

जुन्या डब्या इतर पदार्थांच्याही असत. पळसावरच्या किड्यांपासून मिळणारी लाख आपल्या सोनारांच्या ओळखीची. तिच्यात लाकडाचा भुसा मिसळून अमेरिकेत १८५० नंतर फोटो ठेवण्याच्या नक्षीदार डब्या करीत. दुधातल्या केसीनपासूनही प्लास्टिक निघाले. पुढे १९०७ मध्ये लिओ बेकलँडने बॅकेलाइट शोधले. ते एकदा घट्ट झाले की तापवूनही मऊ होत नाही. ही सारी भावंडे बरीच शांत स्वभावाची. सेल्युलॉइड मात्र तसे नाही.

डबीची बिजागरी नीट पाहा. पितळ हिरवे पडले आहे का? दरवर्षी चिंचेने घासूनही थर परत येतो का? सेल्युलॉइडमधले ते गट काळाच्या ओघात सुटू लागतात आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वायू बाहेर पडतात. हवेतल्या ओलाव्याशी त्यांचे नायट्रिक आम्ल बनते. हे आम्ल पितळ, लोखंड आणि चांदीही खाते. त्याहून वाईट म्हणजे, ते सेल्युलॉइडचे विघटन आणखी वेगाने घडवते. डबी बंद असली तर वायू आतच कोंडतो. म्हणजे दागिने जपण्यासाठी केलेली डबी हळूहळू दागिनेच खाऊ लागते!

पूर्वी चित्रपटाची फीतही याच पदार्थाची असे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) अशाच फितीवर टिपलेला होता. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील जुन्या नायट्रेट फितींच्या गोदामाला आग लागली आणि एक मोठा ठेवा भस्मसात झाला. ही आग विझवणे फार कठीण, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्या पदार्थाच्याच रेणूत असतो. विघटन झालेल्या फितीचे घट्ट रीळ चाळीस अंशांच्या आसपासच्या सततच्या उष्णतेतही आपोआप पेटू शकते. एकट्या डबीत एवढी उष्णता साठत नाही, हे खरे. पण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो, हे लक्षात घ्या.

काही जण तापलेली सुई टोचून प्लास्टिक ओळखायला सांगतात. तसे मुळीच करू नका. सेल्युलॉइड भडकन पेटते. आतले दागिने काढून वेगळे ठेवा. डबी प्लास्टिकच्या पिशवीत किंवा कपाटाच्या घट्ट कप्प्यात न कोंडता सुती कापडात सैल गुंडाळून, समई व चुलीपासून दूर, हवेशीर आणि गार जागी ठेवा. घासून कापराचा वास आला नाही, तरी ती सेल्युलॉइडची नाही असे समजू नका. फार जुन्या डबीतला कापूर उडून गेलेला असतो. पण नाकात झोंबणारा आंबूस वास आला, पृष्ठभाग चिकट झाला किंवा त्यावर भेगांचे जाळे दिसले, तर विघटन बरेच पुढे गेले आहे. मोठ्या माणसांना सांगून ती त्याच दिवशी इतर वस्तूंपासून बाजूला काढा. फोटो काढून ठेवायचा असेल तर तोही तेव्हाच काढा.