चिरंजीव भाच्यास, गारपिटीनंतरच्या वर्षी

चि. भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

मोठे संकट ओसरले की माणूस सावरला असे जग समजते; परंतु व्यवहार पुन्हा सुरू होणे हे एक सावरणे असते आणि जगण्यात पुन्हा गोडी वाटू लागणे हे दुसरे, आणि पहिले घडले म्हणून दुसरे मागोमाग येतेच असे नाही. या दोहोंमध्ये जो काळ जातो त्यात माणूस जेवतो, हिशेब लिहितो, लग्नकार्यात अक्षता टाकतो, पण त्याला कशाचे नवल वाटत नाही आणि कोणाविषयी आतून बरे वाटत नाही. प्रस्तुत पत्र या मधल्या काळाविषयी आहे.

पत्रास कारण की, मिरजेच्या लग्नात भेटलेल्या पाहुण्यांनी चिरंजीवाची जी हकीगत सांगितली ती मामाला रुचली नाही आणि रात्री झोपही लागू दिली नाही. गेल्या फाल्गुनातल्या गारपिटीत तोडणीला आलेली बाग गेली हे सर्वांना ठाऊक आहे; यंदा मात्र माल बरा आला, तासगावच्या सौद्यात बेदाण्याला दर लागला, सोसायटीचे थकलेले हप्ते भरले गेले. असे असूनही चिरंजीव बागेत पाऊल टाकत नाही, पाणी आणि फवारणी गड्यावर सोडलेली आहे, आणि अक्काने पहिला घड देवापुढे ठेवला तेव्हा 'उपकार कोणाचे मानायचे, गारांचे?' असे तो तिला बोलला, अशी ती हकीगत. पाहुणे तिखटमीठ लावून सांगतात हे मान्य. परंतु ते वजा केले तरी बागेत न जाणे शिल्लक राहतेच.

अक्काला उलट बोलण्याविषयी आधी लिहिणे भाग आहे. ज्या बाईने दाजींच्या बरोबरीने माळावरचा मुरूम फोडला, उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याने एकेक वेल जगवली आणि दाजींच्या माघारी ती बाग चिरंजीवाच्या हाती सुपूर्त केली, तिच्या नैवेद्याला टोमणा मारण्याचा अधिकार चिरंजीवाला गारपिटीने दिलेला नाही. दुःख झालेल्या माणसाला घरच्यांवर डाफरण्याची सूट असते ही समजूत आपल्या घराण्यात फार जुनी आहे, ती मामाच्या वडिलांपासून चालत आली आहे, आणि ती मोडली पाहिजे.

मात्र टोमण्यामागचा प्रश्न रास्त आहे, हेही त्याच कठोरपणे मान्य केले पाहिजे. गारांचे उपकार मानायचे नसतात. 'झाले ते बऱ्यासाठीच' असे सांत्वनाला येणारे लोक म्हणतात, आणि त्याला आधार म्हणून तुकोबांचे नाव घेतात, तेव्हा ते तुकोबांवरही अन्याय करतात. इ.स. १६३० च्या सुमारास दख्खनेत जो भीषण दुष्काळ पडला त्यात देहूचे हे वाणी घराणे बुडाले, तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, दिवाळे निघाले. पुढे त्यांनी त्या दिवाळ्याबद्दल देवाचे आभार मानले, एवढेच लोकांच्या लक्षात राहते. परंतु ते बोल त्यांचे स्वतःच्या दुःखाविषयी होते, शेजाऱ्याच्या दुःखाविषयी नव्हते. ज्याचे जळले त्यालाच ते म्हणण्याचा अधिकार, आणि तोही त्याला जेव्हा म्हणावेसे वाटेल तेव्हाच. शिवाय मधली एक गोष्ट हे सांत्वनकर्ते गाळतात. परंपरा सांगते की तुकोबांनी घरातली कर्जखते, म्हणजे लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे कागद, बाहेर काढले, धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. येणे सोडून देणे आधी आहे, आभार नंतर. चिरंजीवाच्या बाबतीत असे दिसते की सोसायटीचे देणे फिटले, पण गेल्या फाल्गुनाकडून येणे असलेली रक्कम त्याच्या वहीत अजून उभी आहे, आणि ती वसूल झाल्याशिवाय यंदाच्या मालाकडे बघायचेसुद्धा नाही असा काहीसा हट्ट त्याने धरला आहे. ती रक्कम वसूल होणारी नाही. गारा आल्या त्या कोणाला शिकवण्यासाठी आल्या नाहीत आणि कोणाला शिक्षा करण्यासाठीही नाहीत.

मग कृतज्ञता कशाविषयी बाळगायची, हा प्रश्न उरतो, आणि त्याआधी विस्मयाचा विचार करावा लागतो, कारण ज्याला कशाचे नवल वाटत नाही त्याला उपकारही दिसत नाहीत. भरताच्या नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले आहेत त्यांत अद्भुत हा एक असून त्याचा स्थायिभाव, म्हणजे मनात मुळाशी टिकून असणारी आणि प्रसंगाने जागी होणारी भावना, विस्मय हा आहे. भरताने पुढे असेही सांगितले आहे की नाटकात रस कोणतेही असोत, निर्वहणात, म्हणजे कथेचे विखुरलेले धागे जेथे एकत्र येतात त्या शेवटच्या संधीत, अद्भुत रस असावा. शोक, क्रोध, भय हे सगळे होऊन गेल्यावर प्रेक्षकाने थक्क होऊन उठावे, निव्वळ 'सुटलो' म्हणून नव्हे, अशी ती अपेक्षा आहे. अलीकडच्या मानसशास्त्रात डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट यांनी २००३ मध्ये विस्मयाची दोन अंगे मांडली: समोरची गोष्ट आपल्याहून फार मोठी असल्याची जाणीव, आणि मनात आधीपासून असलेल्या चौकटीत ती न मावल्याने ती चौकट नव्याने रचावी लागणे. त्याच वर्षी रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांचे प्रयोगही प्रसिद्ध झाले, ज्यांत आभार मानावेसे वाटणाऱ्या गोष्टींची नियमित नोंद करणाऱ्या लोकांना, त्रासाच्या गोष्टी नोंदवणाऱ्यांपेक्षा, आपले आयुष्य अधिक बरे वाटत असल्याचे आढळले. नोंदवहीची ही युक्ती वाईट नाही. परंतु ज्याच्या घरात आधीच औषधांच्या, मजुरीच्या आणि हप्त्यांच्या वह्या आहेत त्याला आणखी एक वही घालून देण्यात मामाला फारसा अर्थ दिसत नाही.

त्याऐवजी डोळ्याकडे पाहावे, म्हणजे वेलीच्या काडीवरील त्या फुगीर कळीकडे, जिला बागाईतदार डोळा म्हणतात. चिरंजीवाला हे शास्त्र मामापेक्षा अधिक ठाऊक आहे, तरीही ते येथे क्रमाने मांडणे जरूर आहे, कारण ठाऊक असलेल्या गोष्टीचाच माणसाला सर्वांत लवकर विसर पडतो. द्राक्षवेलीची छाटणी आपल्याकडे वर्षातून दोनदा होते: उन्हाळ्यात खरड छाटणी, जिच्यात वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवर आडव्या पसरलेल्या जाड फांद्यांपर्यंत, उघडी केली जाते, आणि पावसाळा सरताना फळछाटणी, जिच्यानंतर माल धरतो. लोक समजतात की घड फळछाटणीनंतर तयार होतो. वास्तविक तो खरड छाटणीनंतर फुटलेल्या कोवळ्या काडीच्या डोळ्यात साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या आसपास, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, सूक्ष्म रूपाने घडत असतो. त्या वेळी डोळ्याच्या आत जो अंकुर असतो त्याचे काय व्हायचे हे अजून ठरलेले नसते. ऊन आणि प्रकाश पुरेसा मिळाला तर त्याचा घड होतो, ढगाळ हवा आणि सावली फार झाली तर त्याचीच बाळी, म्हणजे तारेला वेटोळे घालणारा निष्फळ तंतू, होते. काडी तपासणीच्या वेळी ब्लेडने असा एक डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला मामाने पाहिला आहे: तपकिरी खवल्यांच्या आत पांढरट लव, तिच्या आत हिरवट ठिपके, आणि त्या ठिपक्यांत, टाचणीच्या डोक्यावर मावेल एवढ्या जागेत, फांद्या फुटलेला घड, अजून एकही मणी नसलेला, पण घडाच्या आकाराचा.

आता चिरंजीवाने तारखा जुळवून पाहाव्यात. गारा फाल्गुनात पडल्या. चैत्रात रडतखडत छाटणी झाली, तीही अक्काने गड्याला बोलावून करून घेतली म्हणून. वैशाखात चिरंजीव सोसायटीच्या नोटिसा उशाशी घेऊन माजघरात पडून होता आणि घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. त्याच वैशाखात, गारांनी साल सोललेल्या त्या ओलांड्यांवर फुटलेल्या कोवळ्या काड्यांच्या डोळ्यांत, यंदाचा घड बांधला जात होता. गारांनी त्याला काडीचीही मदत केली नाही, उलट जखमांतून रोग शिरायची वाट करून दिली. घड बांधला तो उन्हाने, मुळांनी आणि वेळेवर झालेल्या छाटणीने. घरात सुतक असल्यासारखे वातावरण असताना बागेत हे काम चालू होते आणि कोणालाही त्याचा पत्ता नव्हता, ही गोष्ट मनाच्या चौकटीत सहज मावणारी नाही. आणि ज्या माणसाची यंदाची विक्री त्यातून झाली त्याने बागेत जाऊ नये, हे तर मुळीच मावत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉमसन द्राक्षांच्या बागेत लांबट मण्यांचे वेगळेपण हेरले आणि त्यातून सोनाका हे वाण पुढे आले. हे वेगळेपण दिसण्यासाठी बागेत असावे लागते, आणि हप्त्यांच्या चष्म्यातून न पाहता पाहावे लागते.

उपकारांचा प्रश्नही येथेच सुटू लागतो. उपकार मानायचे ते ज्यांनी गारपिटीनंतर काम केले त्यांचे: विरळणीला येणाऱ्या बायकांच्या टोळीने मागल्या वर्षीची मजुरी थकली असतानाही तगादा लावला नाही आणि यंदा पुन्हा याच बागेत आल्या, सूनबाईच्या पाटल्या कोठे गेल्या हे घरात कोणी विचारत नाही, पण सर्वांना ठाऊक आहे, शेजारच्या मळ्यातून रात्रीच्या पाळीचे पाणी न मागता सोडले गेले. हे उपकार मोठ्या शब्दांत बोलून दाखवायची आपल्याकडे रीत नाही, त्या बायकांना हिशेब चुकता करताना बसायला सतरंजी टाकली आणि चहा दिला तरी ते पोचतात.

मामाच्या तारुण्याचा एक धागा येथे येतो तो टाळता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात मामा खडी फोडायला जात असे, सुकडी खात असे आणि तांबडी मिलो ज्वारी दळून आणत असे. पुढच्या वर्षी पाऊस झाला, ज्वारी पोटऱ्यात आली, आणि मामाचे वडील दररोज तिन्हीसांजेला बांधावर जाऊन उभे राहत व जाताना 'येतोस का रे' असे विचारत. मामा सावकाराच्या व्याजाची बेरीज करीत घरात बसे. बेरीज बरोबर होती; व्याजही फिटले. पण ते पीक कसे दिसत होते हे मामाला आजही सांगता येत नाही, आणि वडिलांना त्यात काय दिसत होते हे विचारायचे राहून गेले. मिरजेच्या पाहुण्यांचे बोलणे ऐकून झोप का लागली नाही, त्याचे कारण यात आहे.

दुसरेही एक कारण आहे आणि ते स्पष्ट लिहिले पाहिजे. शेडशेजारच्या औषधांच्या खोलीची किल्ली चिरंजीवाच्या खिशात असते. ती त्याने हे पत्र वाचताच सूनबाईकडे द्यावी आणि गड्याला लागेल ते औषध तिच्या हातून जावे. यामागे कोणताही आरोप नाही. आपल्या पंचक्रोशीत चांगल्या चांगल्या माणसांच्या वाट्याला काय आले ते चिरंजीवाने पाहिलेले आहे, आणि मामाचे वय आता असे आहे की भीती बोलून दाखवण्याची लाज उरलेली नाही. झोप येत नसेल, अन्न गोड लागत नसेल, नको ते विचार येत असतील तर मिरजेत मनाचे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्याकडे जाणे हे गुडघ्यासाठी डॉक्टरकडे जाण्याहून वेगळे नाही. मामा सोबत येईल, बाहेर बाकावर बसेल. विस्मय हा काही औषधोपचार नव्हे, आणि ज्याचे मन आजारी आहे त्याला 'नवल वाटून घे' म्हणणे हा जुलूम ठरेल. या पत्राच्या सुरुवातीचा सूर कठोर झाला असेल तर तो अक्काच्या बाजूने होता, चिरंजीवाच्या विरुद्ध नव्हे. अक्कालाही तसे सांगावे, म्हणजे तिला बरे वाटेल.

येत्या रविवारी मामा सकाळच्या एस.टी.ने येत आहे. चिरंजीवाने स्टँडवर मोटारसायकल घेऊन यावे. मामाला मागे बसता येते, सूनबाईने काळजी करू नये. जेवणात भाकरी, पिठले आणि ठेचा एवढेच असावे, आणि बाळासाठी काय आणायचे ते कळवावे. घरी आल्यावर बागेत गेलेच पाहिजे असे नाही. सोप्यात बसता येईल, चिरंजीवाला बोलायचे नसेल तर न बोलताही बसता येईल. किल्ली मात्र तोपर्यंत सूनबाईकडे गेलेली असावी.

अक्काला नमस्कार, सूनबाईस व बाळास आशीर्वाद.

चिरंजीवाचा
मामा