मोहल्ल्यातील किराणा आणि ‘सेकंड’ माल

व्यापारी बंधूंनो,

मालेगाव-भिवंडीतील यंत्रमाग मजुराच्या हाती आठवड्याची मजुरी पडते. महिन्याचे वाणसामान एकदम भरणे त्याला परवडत नाही. पाव किलो डाळ, चहाची पुडी, थोडे तेल असा रोजचा सौदा गल्लीतल्या दुकानातून होतो व तोही पुष्कळदा उधारीवर. वहीत नाव असलेले गिऱ्हाईक डाळीत खडे निघाले तरी बोलत नाही. उद्या उधार बंद झाले तर चूल कशी पेटणार? काही घाऊक व्यापारी व दुकानदार नेमका याचाच फायदा घेतात. ‘वस्तीत खपून जाईल’ म्हणून हलका माल चांगल्या भावाने खपवितात.

आम्ही कापडाचे व्यापारी. डाग पडलेला, धागे तुटलेला तागा आम्ही ‘सेकंड’ म्हणून वेगळा काढतो व कमी भावाने विकतो. त्यात गैर काही नाही. तोच तागा ‘फ्रेश’ म्हणून दिला तर ती फसवणूक होते. किराण्यालाही हाच नियम लागू आहे. तुकडा तांदूळ तुकडा म्हणूनच स्वस्तात विकावा, अखंड तांदळात मिसळू नये.

पवित्र कुरआनच्या ८३ व्या अध्यायाचे नावच मापात मारणाऱ्यांवरून पडले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे विचारून त्यांनी फसविणारा आपल्यातला नव्हे, अशी ताकीद दिली. ‘सहीह मुस्लिम’मधील या हदीसचा रोख ऐब लपविण्यावर आहे.

आता दुकानात करावयाच्या गोष्टी :

१. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी व वजनांची दर दोन वर्षांनी करून शिक्का घ्यावा.

२. सुटे खाद्यतेल विकण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. लहान सीलबंद पाकिटे ठेवावीत.

३. घाऊक हळद घेताना चमचाभर पूड पाण्यात टाकावी. पूड तळाशी बसून पाणी फिकट पिवळे राहिले तर ठीक. पाणी गडद पिवळे झाले तर रंगाची भेसळ समजावी व माल परत करावा.

४. उधारीच्या मालाचे वजन व भाव गिऱ्हाइकाच्या वहीतही लिहून द्यावा. देणेघेणे लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनातच (२:२८२) आहे.

गरीब गिऱ्हाईक तक्रार करीत नसले, तरी हिशेब चुकत नाही. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.