बर्फाचे घड्याळ

(काही गोष्टी वाचून कळतात, पण हात लावल्यावर अधिक चांगल्या समजतात. एका कलावंताने लोकांना असा अनुभव कसा दिला, ते या पाठात वाचा.)

डिसेंबर २०१५ मधील ही गोष्ट. फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे अनेक देशांचे प्रतिनिधी जमले होते. पृथ्वीचे वाढते तापमान कसे रोखावे, यावर त्यांची चर्चा चालू होती. त्याच वेळी शहरातील पँथिऑन या भव्य इमारतीसमोर बर्फाचे बारा प्रचंड तुकडे गोलाकार मांडलेले होते. जणू घड्याळातील बारा आकडेच!

ही कल्पना ओलाफुर एलियासन या कलावंताची होती. भूगर्भशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग यांनी त्यांना साथ दिली. ग्रीनलंडची बहुतेक जमीन बर्फाच्या जाड थराखाली आहे. त्या थरापासून तुटून समुद्रात तरंगणारे तुकडे त्यांनी निवडले. सुमारे ८० टन बर्फ जहाजाने आणि ट्रकने पॅरिसला आणला. त्यासाठी इंधन जाळावे लागले. त्यामुळे हवेत किती कार्बन गेला, याचा हिशेबही त्यांनी जाहीर केला.

येणारे-जाणारे थांबत. कोणी बर्फाला हात लावी, तर कोणी कान लावून ऐके. आतून बारीक तडतड ऐकू येई. फार प्राचीन काळी बर्फात अडकलेली हवा बाहेर पडत होती! तुकडे रोज लहान होत होते. या घड्याळाला काटे नव्हते. तरी वेळ निघून चालली आहे, हे सर्वांना दिसत होते.

पण बर्फ वितळला, तर आपले काय बिघडते? पेल्यात तरंगणारा बर्फ वितळला, तरी पाणी वर चढत नाही. बाहेरून नवा बर्फ टाकला, तर मात्र चढते. जमिनीवरचा बर्फ समुद्रात आला, की असेच होते. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला, तर समुद्राची पातळी सुमारे ७ मीटर वाढेल. त्याला शेकडो-हजारो वर्षे लागतील. पण पाणी चढू लागले आहे. मुंबई आणि रत्नागिरीही समुद्रकाठीच वसलेली आहेत.

१२ डिसेंबरला पॅरिस करार मंजूर झाला. तापमानातील वाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवायची, असे ठरले. पुढे चौक रिकामा झाला. करार पाळण्याचे काम मात्र अजून बाकी आहे.

शब्दार्थ
भव्य – खूप मोठे व सुंदर
प्राचीन – फार जुना
पातळी – पाण्याची उंची
करार – दोघांनी किंवा अनेकांनी मिळून मान्य केलेली अट

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बर्फ कोठून आणला होता?
(आ) बर्फातून तडतड का ऐकू येत होती?
२. कारण सांगा : या कलाकृतीला घड्याळ म्हटले आहे.
३. पेल्यात पाणी व बर्फ घेऊन पाठातील प्रयोग करा. काय दिसले, ते चार वाक्यांत लिहा.