वाद्यखरेदी : परदेश की मिरज?

प्रश्न : भजनी मंडळासाठी तंबोरा आणि कीबोर्ड घ्यायचा आहे. परदेशातल्या कारखान्यात जाऊन थेट खरेदी परवडेल का? – एक वाचक, पाचोड (ता. पैठण)

उत्तर : तंबोऱ्याचे उत्तम कारखाने मिरजेतच आहेत, पाचोडहून बीड-सोलापूरमार्गे तिथे जाता येते. शस्त्रे घडवणाऱ्या घराण्यातील फरीदसाहेब सतारमेकर यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे या कलेचा पाया घातला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात, दांडीला तुणीचे लाकूड लागते. प्रत्यक्ष जाण्याचे खरे कारण जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद. घोडीचा माथा कानशीने बारीक घासून आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून कारागीर ती गायकाच्या स्वरानुसार लावून देतो. फोनवरून हे जमत नाही. पुरुषी आवाजाला मोठा, बायकी आवाजाला लहान तंबोरा लागतो. भोपळा नाजूक, म्हणून कठीण पेटी सोबतच घ्यावी.

कीबोर्डचे गणित निराळे. चीन-इंडोनेशियातले मोठे कारखाने एक-दोन नग सहसा विकत नाहीत. प्रवासखर्च, सीमाशुल्क आणि दुरुस्तीची अडचण धरता एका मंडळासाठी तो खटाटोप व्यर्थच. दुकानासाठी माल आणायचा असेल, तर आधी आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो.